फीची बाकी

गजाननबुवा जोशी डोंबिवलीत राहत होते आणि मीही डोंबिवलीतच वाढले. तरी बुवांना मी एकदाही समोर बसून ऐकलं नाही. हे कळलं की व्हायोलिनवाली मंडळी माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं नाही. गंगेकाठी राहून कोरडं राहण्यातलाच हा प्रकार.

मला बुवा मिळाले ते मास्तरांकडून. मास्तर रेल्वेत नोकरीला होते, संध्याकाळी दोन-चार शिकवण्या करत. ते बुवांचे शिष्य नव्हते. रेडिओला कान लावून, मैफलीत मागच्या सतरंजीवर बसून त्यांनी बुवा जमेल तेवढे गोळा केले होते.

१९७९ साली, अकराव्या वर्षी, मी त्यांच्याकडे जायला लागले. पहिले सात महिने त्यांनी माझ्या हातात गज दिला नाही. व्हायोलिनची पेटी कपाटावर, आणि मी खाली बसून भूपातली बंदिश घोकतेय. शेवटी आई विचारायला गेली, पोरीला वाजवायला घातलंय की गायला? मास्तर हसले. म्हणाले, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, वहिनी?"

आणि मग पुरावा म्हणून त्यांनी आईला बुवांचं चरित्रच ऐकवलं. ते मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की पाठ झालं. बुवांचा जन्म १९११ चा. वडील अंतुबुवा, म्हणजे ज्यांनी ग्वाल्हेरचं गाणं महाराष्ट्रात आणलं त्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. घरची तालीम वडिलांची, शिवाय रामकृष्णबुवा वझ्यांची. तेवढ्यावर भागलं असतं. पण बुवा जयपूरच्या गायकीसाठी भूर्जीखाँसाहेबांकडे गेले, आग्र्याच्या गायकीसाठी विलायत हुसेन खाँसाहेबांकडे. एकेका घराण्याचं कुंपण राखत बसायच्या त्या काळात तीन घराण्यांचं गाणं एका गळ्यात नांदवणं हे धाडसच. त्यात तबलाही हाताशी. इथे मास्तर थांबत, चष्मा पुसत आणि विचारत, "आता सांगा, यातलं व्हायोलिन कुणी शिकवलं?" उत्तर त्यांचंच असे. कुणीही नाही. ते बुवांनी आपलं आपणच हातात बसवलं. गाणं आधीच आत होतं, त्याला फक्त दुसरी वाट करून द्यायची होती.

आईला हे कितपत पटलं कोण जाणे. मला मात्र पुढे बोटांनी पटवलं. व्हायोलिनला पडदे नाहीत. सतारीवर बोट निदान पडद्यापाशी तरी पोचतं. इथे कानात गंधार नसेल तर बोट अंधारात चाचपडतं आणि ते चाचपडणं शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत ऐकू जातं. मांडी घालून बसायचं, वाद्याचं टोक उजव्या पावलावर टेकवायचं, दुसरी बाजू खांद्याशी. मान मोकळी राहिली की डावा हात वरखाली घसरायला मोकळा होतो आणि मग मींड निघते. हे बसणं जमायला महिना पुरतो. गज जमायला किती लागतो ते मी अजून सांगू शकत नाही. एका गजात किती स्वर घ्यायचे, कुठे तो वळवायचा, याचं मास्तरांकडे एकच माप होतं: बंदिशीचे शब्द. "मनात अस्ताई म्हण. शब्द मोडेल तिथे गज वळवलास तर बोट छाटीन." बुवांची ध्वनिमुद्रणं ऐकताना आजही मी तेवढंच बघते. गज वळतो तिथे गवयाने श्वास घेतलेला असतो.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा गिरणीत कारकून. दोन महिन्यांनी घरातलं दूध अर्ध्यावर आलं आणि मी मास्तरांना सांगून टाकलं की उद्यापासून येणार नाही. फी महिना तीस रुपये होती. मास्तर गजाला राळ लावत होते, त्यांनी मान वर केली नाही. "संप संपला की द्या," म्हणाले. मला कधी अहो-जाहो न करणारे मास्तर त्या दिवशी 'द्या' म्हणाले, ते बाबांना उद्देशून असावं.

तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो नुसता विरत गेला. बाबांची गिरणी पुन्हा धडपणे चालली नाही. मी जातच राहिले.

मधे एकदा मास्तर म्हणाले होते, चल, बुवांच्या पायावर घालून आणतो. बुवांच्या घरी कडक तालमीखालून उल्हास कशाळकरांसारखे गवई तयार होत होते, आणि तिथे माझा कापरा षड्ज घेऊन जायचं? मी परीक्षेचं निमित्त सांगितलं. परीक्षा तेव्हा दोन महिन्यांवर होती. १९८७ च्या जूनमध्ये बुवा गेले. मास्तरांनी आठवडाभर शिकवलं नाही, आणि त्या निमित्ताबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यांनी काढला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी मला नोकरी लागली. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी सगळा हिशेब करून पैसे पाकिटात घातले आणि मास्तरांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं.

"हे काय?"

"फीची बाकी."

"संप संपला?"

मला उत्तर सुचेना. त्यांनी पाकीट माझ्या पर्सवर ठेवलं आणि तंबोरा गवसणीतून बाहेर काढला.

"बस. षड्ज लाव आधी."