डब्यातली बारूद आणि मामाजींची रायफल

रायफलच्या काडतुसात कोणती बारूद घालावी, हा प्रश्न बालाघाट जिल्ह्यात सहसा कोणाला पडत नाही. ज्याच्याकडे परवाना आहे तो दुकानातून खडकीच्या कारखान्याची तयार काडतुसं आणतो, परवान्यावर नोंद करून घेतो आणि घरी येतो. पण भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त होऊन मी कटंगीकडच्या आमच्या गावी परतलो आणि हा प्रश्न थेट माझ्या ओसरीवर आला. घेऊन आले मामाजी. नात्याने ते माझे कोणी नव्हेत. गावातल्या वडीलधाऱ्यांना आम्ही लहानपणापासून मामाजीच म्हणतो.

त्यांच्याकडे इशापूरची ०.३१५ बोअरची रायफल आहे, वडिलांकडून वारसाने आलेली. त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या काढल्या आणि त्यांच्याशेजारी घट्ट झाकणाचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवला.

“तू त जिंदगीभर बारूदच बनवली ना बाबू,” ते म्हणाले. “काडतूस लय महाग झाले. पुंगळ्या हायेत, बाबांच्या वेळची बारूद बी हाये. निस्ता सांग, हे चालंल का?”

मी डबा अंगणात नेला आणि झाकण सावकाश सैल केलं. आत करड्या-काळ्या, बारीक तुकड्यांची बारूद होती. वास आला तो आंबूस, नाकात चढणारा. चांगल्या बारुदीला ईथरचा हलका, गोडसर वास येतो; तो नुसता पुसला गेलेला नव्हता, उलटलेला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला तांबूस गंज धरला होता आणि दाण्यांवर त्याच रंगाची धूळ. मी झाकण नुसतं वर ठेवलं, दाबलं नाही, आणि डबा उन्हातून उचलून घरापासून लांब, विहिरीपलीकडच्या सावलीत नेऊन ठेवला.

रायफलच्या या बिनधुराच्या बारुदीचा जीव नायट्रोसेल्युलोजमध्ये असतो, आणि नायट्रोसेल्युलोज स्वतःहून, अगदी हळूहळू, विघटत राहतो. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड पुढचं विघटन आणखी वाढवतात. म्हणून कारखान्यात त्यात डायफिनाइलअमीनसारखा स्थिरक मिसळतात. तो हे वायू शोषत राहतो. स्थिरक संपला की बारुदीला आवरणारं काही उरत नाही. कवेलूच्या छपराखालच्या माळ्यावर मे महिन्यात काय उष्णता असते ते आमच्याकडे कोणाला सांगायला नको. त्या माळ्यावर हा डबा किती उन्हाळे होता, कोण जाणे. अशी बारूद एखाद्या दिवशी काडी न लावता पेट घेऊ शकते.

“म्हंजे खराब झाली,” मामाजी म्हणाले. “मग दुसरी आनू? भरमारची मिळते.”

खरी काळजी मला या वाक्याची वाटली. आमच्या भागात पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, त्यांना भरमार म्हणतात. शस्त्र कायदा १९५९ च्या १३ व्या कलमात पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या बंदुकीला काळी बारूद लागते. रायफलला लागते ती बिनधुराची. दोन्ही काळसर, दोन्ही दाणेदार, दोन्हींना गावात एकच नाव. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी सहज जाते. बिनधुराची बारूद भरमारच्या नळीत ठासली तर नळी फुटते, आणि त्या वेळी गाल आणि डोळा नळीच्या मागेच असतो. काळी बारूद रायफलमध्ये घातली तर नेम जातोच, शिवाय नळीत साचणारा क्षाराचा थर ओल धरतो आणि पावसाळ्यात आटे खाऊन टाकतो.

मी मामाजींना आत बसवलं आणि कागदावर एक दाणा मोठा करून काढून दाखवला. नोकरीची बरीच वर्षं मी बारूद तपासण्यात घालवली, त्यामुळे हे सांगायला मला मनापासून आवडतं. नायट्रोसेल्युलोजचा मळलेला लगदा साच्यातून दाबून काढतात, सोऱ्यातून शेवया काढाव्यात तसा. फक्त या शेवईला मधोमध केसासारखं छिद्र असतं. मग तिचे बारीक तुकडे करतात, वाळवतात, वर ग्रॅफाइट चढवतात. भिंगाखाली तो तुकडा उजेडाकडे धरला तर छिद्रातून प्रकाशाचा ठिपका दिसतो. सगळी करामत त्या छिद्राची आहे. दाणा बाहेरून जळत लहान होतो तेव्हा जळणारी जागा कमी होते. छिद्र आतून जळत मोठं होतं तेव्हा तीच जागा वाढते. दोन्हींचा मेळ बसला की वायू एकसारखा निघत राहतो आणि गोळीला नळीच्या तोंडापर्यंत रेटा मिळतो. रायफलच्या दाण्यावर सुरुवातीचं जळणं मंद करणारा लेपही असतो. पिस्तुलाची बारूद याच्या उलट, झटकन जळणारी; तिला आखूड नळी आणि हलकी गोळी हवी. ती ०.३१५ च्या जड गोळीमागे पडली तर गोळी हलायच्या आत दाब शिखराला पोचतो.

“आता हे नुसतं बघून सांगता येईल का?” मी विचारलं. मामाजींनी मान हलवली.

आम्हालाही येत नव्हतं. म्हणून तर प्रूफ असतं. नव्या लॉटमधली बारूद काडतुसात भरून ती खास जाड नळीतून उडवायची. जुन्या पद्धतीत नळीला भोक पाडून त्यात दट्ट्या आणि दट्ट्यावर तांब्याचा छोटा दंडगोल बसवायचे. वायूने दट्ट्या रेटला की तांबं चेपतं. ते किती चेपलं हे मायक्रोमीटरने मोजून तक्त्यावरून दाब काढायचा. हाताच्या बोटांत तो चेपलेला तुकडा घेतला की पितळेच्या पातळ पुंगळीने काय सोसलं ते समजायचं. पुढे विजेवर चालणारी दाबमापकं आली, पण शिकाऊ पोरांच्या हातात मी आधी तांबंच द्यायचो.

त्याच लॉटचं दुसरं काडतूस तापवलेल्या कपाटात तासन्‌तास ठेवून उडवलं की दाब चढलेला दिसायचा. वजन तेच, गोळी तीच, बारूद तीच; फक्त उष्णता वाढलेली. या बाबतीत आपला मुलूख जगातल्या गोऱ्या बंदूकवाल्यांना धडा देऊन गेलेला आहे. १८८९ मध्ये कॉर्डाइट आलं आणि इंग्रज कारखाने भारतात व आफ्रिकेत शिकारीला जाणाऱ्यांसाठी मोठ्या बोअरच्या रायफली बनवू लागले, तेव्हा त्यांनी पुंगळी मुद्दाम लांब आणि ऐसपैस ठेवली. दाब कमी राहावा, उन्हात तापलेलं काडतूस उडाल्यावर पुंगळी नळीत अडकू नये, हा हेतू. जखमी वाघ समोर असताना पुंगळी अडकणं म्हणजे काय, हे बैहर आणि मुक्कीच्या जंगलात शिकाऱ्यांबरोबर हाकारे केलेल्या म्हाताऱ्यांकडून मी ऐकलेलं आहे. मामाजींचे वडील त्यांपैकीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते जग संपलं, आणि ते संपलं हे बरंच झालं. पण उन्हाचा हिशेब अजून तोच आहे. मे महिन्यात जीपच्या पुढच्या काचेखाली काडतुसं ठेवणाऱ्या माणसाला मी आजही थांबवतो.

कायद्याचंही मी मामाजींना सांगितलं. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी कलम ५ वेगळं आहे. ते थोडे नाराज झाले. रायफल निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करायची, नूतनीकरणाला जिल्ह्याला खेटे घालायचे, आणि वर काडतूसही विकतचं. त्यांची नाराजी रास्त आहे. पण २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आमच्या फॅक्टरीत स्फोट झाला आणि काम करणारी माणसं गेली. ज्यांचा सगळा दिवस सुरक्षेच्या नियमांत जातो, त्यांच्या हातूनही जी वस्तू अशी निसटू शकते, ती चुलीशेजारी चमच्याने मापून भरू द्यायला माझं मन तयार नाही. हे मी त्यांना जवळजवळ हात जोडून सांगितलं.

डब्याची वर्दी आम्ही ठाण्यात दिली. तो कसा आहे, का हलवू नये, कुठे ठेवलाय, सगळं सांगितलं. त्यांनी माणसं पाठवून तो नेला. पुंगळ्या मामाजींनी मोडीत घातल्या नाहीत, त्या वडिलांची आठवण म्हणून राहिल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं बालाघाटला गेलो. दुकानदाराने परवाना पाहिला, वही काढली, दोन पाकिटं समोर ठेवली. मी मामाजींना पाकिटावरचा लॉट नंबर दाखवला. बारूद निवडणं आपल्या हातात नाही, पण एका लॉटची काडतुसं एकाच बारुदीची असतात, दाब आणि वेग जवळजवळ सारखा राहतो, रायफलीचा नेम एकदा बसवला की टिकतो. एवढी निवड गिऱ्हाईकाला नक्की करता येते. मामाजींनी चष्मा लावला, दोन्ही पाकिटं डोळ्यांजवळ धरली. नंबर वेगळे होते.

“हे एक बदलून द्या,” ते दुकानदाराला म्हणाले. “दोनी एकाच लॉटचे पायजेत.”

दुकानदार पाकीट घेऊन आत गेला.