दोन रिकाम्या खुर्च्या

जेवणाऱ्या माणसाच्या पाठीशी जाऊन उभे राहणे मला लहानपणापासून आवडत नाही. लग्नघरी पहिली पंगत बसली, की दुसऱ्या पंगतीचे उमेदवार मागे भिंतीसारखे उभे राहतात आणि पुढच्याच्या घशाखाली जिलबी उतरत नाही. म्हणून मी आपला नेहमी शेवटच्या पंगतीला बसतो. तिथे मठ्ठा पातळ असतो, वाढपी थकलेले असतात. पण पाठ तरी मोकळी असते.

या माझ्या तत्त्वाची परीक्षा गेल्या दिवाळीच्या सुटीत झाली, तीही खोपोलीजवळच्या इमॅजिकात. २०१३ साली सुरू झालेल्या या करमणूक-उद्यानाची माहिती आमच्या चिरंजीवांना पाढ्यांपेक्षा चांगली पाठ होती. दुधनीहून सोलापूर, तिथून रात्रीची गाडी, असे करीत आम्ही सहाजण तिथे पोचलो : अण्णा, आई, सौ., दोन मुले आणि मी. मुले ‘नायट्रो’त उलटीसुलटी होऊन आली. माणसे पैसे देऊन का ओरडतात, याचा विचार करीत अण्णा बाकावर बसले होते.

एक वाजता जेवायचे, असे मी सकाळीच ठरवले होते. मास्तर माणूस; वेळापत्रकाशिवाय आम्हांला भूकसुद्धा लागत नाही. अण्णांना जेवणाआधी इन्सुलिन घ्यावे लागते. पाऊण वाजता मी म्हटले, “घ्या टोचून.” त्यांनी घेतले. मग उपाहारगृहाच्या दारात गेलो, तो तिथे गुरुपौर्णिमेचे अक्कलकोट! सकाळपासून गरगर फिरलेल्या साऱ्यांना एकाच वेळी भूक लागते, एवढी साधी गोष्ट माझ्या वेळापत्रकात नव्हती. वहीत नावे लिहिणारा मुलगा अदबीने म्हणाला, “सहाजणांचं टेबल ना? पाऊण तास लागेल.”

टोचलेले इन्सुलिन टेबलासाठी थांबत नाही. सव्वा वाजता अण्णांच्या कपाळावर घाम आला, हात कापू लागला. दोष त्या मुलाचा नव्हता, माझाच होता. आणि त्याच लाजेने माझ्या तोंडून शब्द फुटेना. आईने पिशवीतून खडीसाखर काढली, अण्णांच्या तोंडात घातली आणि मला म्हणाली, “सहाजण एकत्र कशाला रे? आधी ह्यांना बसवू.”

हे शहाणपण अक्कलकोटचे. १९८८ च्या गुरुपौर्णिमेला तिथे अन्नछत्र सुरू झाले, तेव्हापासून आईने किती पंगती पाहिल्या, त्याची मोजदाद नाही. घोळक्याला थांबावे लागते, सुटा माणूस कुठेही मावतो, हे तिचे गणित. कोण भाताशी आले आणि आता उठणार, हे ती दारातूनच सांगते. इथे मात्र ते चालेना. “हे नुसतेच फोटो काढतात,” ती पुटपुटली. “जेवणार कधी आणि उठणार कधी?”

तेवढ्यात तिचे कान टवकारले. कोपऱ्यातल्या चार खुर्च्यांच्या टेबलाशी एक जोडपे कानडीत बोलत होते. आमची दुधनी सीमेवरची. बाजारातली निम्मी घासाघीस कानडीतच चालते. आई सरळ त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली (मी डोळे मिटून घेतले) आणि म्हणाली, “स्वल्प जागा कोड्री.”

ते गृहस्थ ताडकन उठले. एका खुर्चीवर अण्णा, दुसरीवर आई. त्या बाईंनी आपले न उष्टावलेले वरणभाताचे ताट अण्णांपुढे सरकवले. वहीवाला मुलगा वही टाकून पाणी घेऊन धावला. आणि मी? पाण्याचा पेला धरून वडिलांच्या पाठीशी उभा होतो, चांगली वीस मिनिटे. ते घास कसा उचलतात, हात अजून कापतो का, एवढेच पाहत होतो.

आम्हां चौघांना टेबल मिळाले अडीच वाजता, निम्मे उपाहारगृह ओस पडल्यावर. एक मुलगा खुर्चीतच पेंगला होता. सौ. बोलली नाही काही, पण तिने वाढताना माझ्याकडे पाहिले, ते मला समजले.

कोपऱ्यात अण्णांचा चेहरा उजळला होता. ते गृहस्थ निघाले कलबुर्गीकडचे. “तुमच्याकडं तूर काय भावानं गेली?” अण्णांनी विचारले. मग दोघे तुरीत असे रंगले, की त्यांच्या खुर्च्यांमागे ताटकळत उभ्या असलेल्या माणसांकडे कोणाचेच लक्ष नव्हते.