दलील

आमच्या चाचांना कबुतरांचा भारी नाद. गच्चीवर लक्के होते, लोटन होते. लक्का मूळचा पारव्याच्याच वंशातला, असं कुणी म्हटलं की चाचा भडकत. 'कुठे हा नवाब आणि कुठे मिनारावरचा पारवा!'

पुढे डार्विनचं १८५९ सालचं 'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज' हाती आलं आणि पहिल्याच प्रकरणात आम्हाला चाचा भेटले. लंडनच्या कबूतरवाल्यांचंही म्हणणं तेच होतं. डार्विनने स्वतः कबुतरं पाळली, त्यांच्या क्लबांत जाऊन बसला. पांढऱ्या लक्क्यांचा काळ्या बार्ब जातीशी संकर केला. पिल्लं काळी-तपकिरी निघाली. त्यांचा पुन्हा आपसांत संकर केल्यावर एक पिल्लू थेट पारव्यासारखं निळं निघालं, पंखांवर काळे पट्टे. सहाव्या प्रकरणात तर आपल्यावरचे आक्षेप तो स्वतःच मांडतो. डोळ्यासारखा अवयव हळूहळू घडला हे ऐकायला अशक्यच वाटतं, असं आधी कबूल करतो, मग उत्तर देतो. सबंध पुस्तक म्हणजे एक लांबलचक युक्तिवाद आहे, हेही शेवटी सांगून टाकतो.

हे वाचताना आम्हाला आमचीच एक लाल रेघ आठवली.

आम्ही तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होतो. नववीतल्या एका मुलीने विहिरीच्या पाण्यावर प्रकल्प लिहिला होता. 'या पाण्यात साबणाला फेस येत नाही. कोणी म्हणेल, साबणच वाईट असेल. म्हणून मी तोच साबण पावसाच्या पाण्यात वापरून पाहिला.' आम्ही 'कोणी म्हणेल' खोडलं, 'मी' खोडलं. वर सुनावलं, 'विज्ञानात बहस नको. निरीक्षण लिही, अनुमान लिही.' तिने मान खाली घालून पान नव्याने लिहिलं. सगळं कसं 'करण्यात आले', 'आढळून आले'. बहस आणि दलील यांतला फरक घरात उर्दू बोलणाऱ्या आम्हाला कळू नये! पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने १९६३ साली बीबीसीवर विचारलं होतं, शोधनिबंध हीच एक लबाडी आहे काय? विचार प्रत्यक्षात कसा चालला, ते त्यात लपवलं जातं म्हणून. ती लबाडी आम्ही चौदा वर्षांच्या पोरीला शिकवली, आणि गुणही दिले.

चाचांना मात्र आम्ही ते कबुतरांचं पान मराठीत करून वाचून दाखवलं. ते भडकले नाहीत.

'पट्टे किती म्हणालास, बेटा?'

'दोन.'

चाचा उठले आणि गच्चीचा जिना चढू लागले.