केशराची पारख करणारे नगर

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात, पेग्निट्झ नदीच्या दोन्ही तीरांवर न्यूरेंबर्ग वसले आहे. उत्तरेस टेकडीवर जुना किल्ला, त्याच्या पायथ्याशी उतरत्या छपरांची घरे आणि पुढे बाजाराचा प्रशस्त चौक. नाताळच्या दिवसांत या चौकात दालचिनी, लवंग, वेलदोडा घातलेल्या ‘लेबकूखन’ या गोड खाद्याचा सुगंध दरवळतो. मध्ययुगात मसाल्यांच्या व्यापारावर हे नगर समृद्ध झाले, त्याचीच ही खूण.

मौल्यवान मालात भेसळ व्हायचीच. म्हणून येथे केशराची नगरातर्फे तपासणी होत असे. १४४४ साली भेसळ करणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्याच्या केशरासह जाळल्याचे इतिहास सांगतो. शिक्षा अमानुष होती. प्रश्न मात्र रास्त होता. दूरदेशीचा जिन्नस अस्सल आहे, हे कोणाच्या शब्दावर मानायचे?

हाच प्रश्न आज याच नगरातील ‘बायोफाख’ या सेंद्रिय अन्नाच्या जागतिक प्रदर्शनात निराळ्या रूपाने भेटतो. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी येथेच परस्परांचे सेंद्रिय प्रमाणीकरण समतुल्य मानण्याचा करार केला. एकीकडे प्रमाणित झालेल्या मालाला दुसरीकडे पुन्हा प्रमाणपत्र घेण्याची गरज उरली नाही.

समतुल्य म्हणजे मात्र तंतोतंत सारखे नव्हे. अमेरिकेत त्या वेळी सेंद्रिय सफरचंद व नासपतीच्या बागांत जिवाणूजन्य रोगावर स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन ही प्रतिजैविके फवारण्यास मुभा होती. युरोपला ती मान्य नव्हती. उलट, आजारी जनावराला मर्यादित प्रमाणात प्रतिजैविक देण्यास युरोपात परवानगी होती. अमेरिकेत तसे जनावर सेंद्रिय राहत नसे. म्हणून ही फळे आणि असे पशुजन्य पदार्थ यांच्यापुरते अपवाद करारात लिहिले गेले. मतभेद न झाकता नोंदवले, हेच त्या कराराचे बळ.

हा विश्वास कायमचा नसतो. भारताच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालील प्रमाणीकरणाला अमेरिकेने २००६ पासून दिलेली मान्यता जानेवारी २०२१ मध्ये काढून घेतली. तपासणीची व्यवस्था तिला अपुरी वाटली. जुलै २०२२ पर्यंत निर्यातदारांना थेट अमेरिकी मानकांनुसार नवे प्रमाणपत्र मिळवावे लागले. त्याचा भार प्रामाणिक शेतकऱ्यावरही पडला.

आपल्या घरी येणाऱ्या पाकिटाशी या साऱ्याचा जवळचा संबंध आहे. आपल्या देशाशी समतुल्यतेचा करार असलेल्या देशातून आलेल्या सेंद्रिय अन्नाचे येथे पुन्हा प्रमाणीकरण होत नाही. आपण त्या देशाच्या तपासनिसावर विसंबतो. देशी मालावर सेंद्रिय अन्नाचे अधिकृत चिन्ह आणि प्रमाणीकरणाचा तपशील अवश्य पाहावा. नुसता ‘नैसर्गिक’ हा शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. आणि प्रमाणपत्रसुद्धा पिकवण्याच्या रीतीची ग्वाही देते, आरोग्याची हमी नव्हे. सेंद्रिय साखर ही अखेर साखरच!

न्यूरेंबर्गने केशर डोळ्यांनी पारखले. आपल्या वाट्याला चिन्ह वाचणे आले आहे; ते डोळसपणे वाचावे.