आकाशातली धूळ

धूळ म्हटली की आपल्याला आधी केरसुणी आठवते. धूळ ही झटकायची, पुसायची, पदराने नाक झाकून टाळायची वस्तू. तिच्याविषयी मुद्दाम विचार करावा असे तिच्यात आहे तरी काय? आणि तोही कला शाखेच्या द्वितीय वर्षातल्या मुलीने! परंतु गेले वर्षभर धूळ काही माझ्या डोक्यातून जात नाही.

माझे आजोळ नागझिरा अभयारण्याच्या कडेला, तिरोड्याच्या बाजूला आहे. मे महिन्यात मी मामीबरोबर तेंदूपाने तोडायला जाते. जातो अभयारण्याच्या हद्दीबाहेरच, पण उजाडण्याआधी निघावे लागते आणि अंधाराला हद्द नसते. चंद्र नसला की आकाशगंगा अशी दिसते, की गोंदियाच्या दिव्यांखाली राहणाऱ्याला सांगून पटू नये. वृश्चिकाच्या शेपटीकडून ती माथ्यावर येते आणि तिच्या मधोमध काळे पट्टे असतात. जणू पांढऱ्या रांगोळीवरून कोणी बोट फिरवले आहे. बघणाऱ्याला वाटावे, तिथे तारेच नाहीत. तारे आहेत, त्यांच्यापुढे धूळ आहे.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात डॉ. जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' हाती आले, आणि मग मिळेल ते वाचत गेले. दूरचे तारकागुच्छ असायला हवेत त्याहून मंद दिसतात, म्हणजे वाटेत काहीतरी आहे, हे ट्रम्प्लर यांनी १९३० साली दाखवले. हे कण साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे, वाळूच्या जातीचे आणि कार्बनचे. वायूच्या मानाने त्यांचे वजन शेकडा एक. ते निळा प्रकाश जास्त अडवतात, तांबडा कमी. या अडवण्याचे एक प्रमाण शास्त्रज्ञांनी काढले आहे : सरासरी ३.१. पण दाट ढगांत कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, तिथे तेच प्रमाण पाचाच्या आसपास जाते. नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या 'आयुका'तल्या अभ्यासकांनी तर हे कण भरीव न मानता सच्छिद्र आणि मिश्र मानून गणिते केली आहेत.

आपण आपल्या आकाशगंगेच्या आतच बसलो आहोत, त्यामुळे तिची सगळी धूळ एका नजरेत येत नाही. शेजारची देवयानी दीर्घिका मात्र पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरून अख्खी दिसते. २००९ साली सोडलेल्या 'हर्शेल' दुर्बिणीने तिच्या धुळीची ऊब मोजली. केंद्रात जुन्या ताऱ्यांची दाटी, म्हणून तिथली धूळ उणे २४३ अंशांवर. दहा हजार प्रकाशवर्षे बाहेर आलो की उणे २५६. (यालाही ऊब म्हणायचे!) तिथून पुढे धुळीचा प्रकाश फेकण्याचा गुणधर्मच बदलतो. वायूतले धुळीचे प्रमाणही कडेकडे घटत जाते, कारण धूळ ज्या जड मूलद्रव्यांची बनते, ती केंद्राकडे अधिक.

हे सारे मी एका रात्री बाबांना सांगत होते. बाबा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये हमाल आहेत, शाळा चौथीपर्यंत. माझे वाक्य पुरे व्हायच्या आत ते म्हणाले, "भट्टीजवळची वेगळीच राहीन नं!" मग त्यांनीच मला शिकवले. उसन्या तांदळाच्या बॉयलरपाशी तूस जळते, तिथली राख काळी, कोरडी आणि गरम. पॉलिशच्या यंत्रापाशी कोंडा उडतो. तो पिठासारखा बारीक, तेलकट, घामाला चिकटून बसणारा. फाटकापाशी ट्रकांची लाल माती. डोळे मिटून नुसती चिमूट दिली तरी मिलच्या कुठल्या कोपऱ्यातली ते ओळखतील. वीस वर्षांत त्यांनी तिन्ही कोपरे केले.

दोन हिवाळे झाले, त्यांचा खोकला जात नाही. दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहिले आहे : "धुळीत काम." कोणती धूळ, हे कोणी विचारले नाही. मी म्हटले, पुढच्या वेळी मी बरोबर येते आणि तिन्ही सांगते. त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. जरा वेळाने विचारले,

"मंग तिकडं पार कडेला धूळ कमी?"

"कमी."

"मंग तिथून चांगलं दिसत असन," म्हणाले, आणि कूस बदलून खोकू लागले.