पाण्याची ओळख

कोल्हापूरची ओळख करून देताना तांबड्या मातीचा उल्लेख पहिल्याच वाक्यात येतो. तालमी, आखाडे आणि खासबागेचे मैदान यांनी या नगराला लौकिक मिळवून दिला, हे खरेच आहे. परंतु येथे राहणाऱ्याला ठाऊक असते की हे गाव मातीइतकेच पाण्याचेही आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती यांच्या संगमातून झालेली पंचगंगा शहराच्या अंगाने वाहते. रंकाळा, कळंबा, कोटितीर्थ ही तळी आहेत आणि भोवतालच्या खेड्यांतून दगडी पायऱ्यांच्या विहिरी अद्याप उभ्या आहेत. समुद्र तेवढा सह्याद्रीपलीकडे राहिला. तरीही पाण्यात उतरण्याची ओढ या मातीत पूर्वीपासून आहे.

आमच्या घरात या ओढीच्या दोन निरनिराळ्या वाटा एकत्र आल्या. आम्हा उभयतांपैकी एकजण विहिरीत शिकला. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, चुलत्यांनी काठावरून ढकलून द्यायचे आणि नाकातोंडात पाणी जाऊन डोळे लाल झाले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हायचे, एवढीच ती शाळा. डबा सुटला की मग सूर मारणे, मुटके मारणे, तळाचा गाळ मुठीत आणून दाखवण्याची पैज. दुसरीच्या माहेरी मुलींनी पाण्यात उतरण्याची रीत नव्हती. चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने तरणतलावातील स्त्रियांच्या वर्गात नाव घातले आणि काठ धरून पाय मारण्यास प्रारंभ केला. पाण्यात तोंड घालून शांतपणे श्वास सोडता येणे, ही तिच्या आयुष्यातील मोठी मिळकत होती, असे ती आजही सांगते.

आमचा मुलगा मात्र घड्याळाबरोबर पोहायला शिकला. पहाटे साडेपाचला तलावावर जायचे, शिक्षक सांगतील तितक्या फेऱ्या मारायच्या आणि प्रत्येक फेरीचा काळ वहीत टिपून ठेवायचा. त्याच्या खोलीत वीरधवल खाडे यांचे चित्र होते. कोल्हापुरात १९९१ साली जन्मलेल्या या मुलाने २००८ साली, वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. दोन वर्षांनी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. १९८६ साली सोल येथे खजान सिंग यांनी रौप्यपदक जिंकल्यानंतर जलतरणात आशियाई पदक भारताच्या वाट्याला प्रथमच येत होते. आमच्या मुलासारख्या अनेक मुलांनी त्या पदकाची कथा ऐकतच पाण्यात पाय टाकला आहे.

गेल्या वर्षी एका निवड चाचणीत आमच्या मुलाची जागा चौदा शतांश सेकंदांनी हुकली. घरी येऊन त्याने चष्मा खिळ्याला अडकवला आणि रात्री ताटावर बसल्यावर म्हणाला, "पप्पा, चौदा शतांशांसाठी सहा वर्षं गेली. आता दहावी आहे. सोडून देऊ का?" त्याची आई काही बोलली नाही, तिने त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. सहा वर्षांच्या पहाटेचे मोल काय, हा प्रश्न त्याने विचारला होता आणि तो केवळ त्याचा नव्हता. मुलांना गाण्याला, चित्रकलेला, खेळाला पाठविणाऱ्या प्रत्येक घरात तो एक दिवस येतोच.

उत्तर शोधताना आम्ही प्रथम त्याच्याच आदर्शाकडे वळलो. पदकानंतर खाडे राज्य शासनाच्या सेवेत तहसीलदार झाले. नोकरीमुळे सरावात मोठा खंड पडला. तरीही ते परतले आणि २०१८ साली जकार्ता येथे पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत उतरले. तिसऱ्या क्रमांकाच्या जपानी जलतरणपटूला २२.४६ सेकंद लागले, खाडे यांना २२.४७. त्या वेगाने एका शतांश सेकंदात माणूस जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर पुढे जातो. अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतराने पदक गेले. पण शर्यतीची कथा तेथे संपली नाही. पाच वर्षांनी, २०२३ साली गोव्यातील राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत, त्याच अंतराचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले, त्यांच्या पत्नी ऋजुता यांनीही महिलांच्या त्याच प्रकारात सुवर्ण मिळवले आणि मग खाडे यांनी स्पर्धेचा निरोप घेतला. एका शतांशाने हरलेला माणूस पुढेही पाच वर्षे पाण्यात उतरत राहिला, ही गोष्ट आम्हाला त्या पदकाइतकीच मोलाची वाटली.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांची वाट तर याहून वेगळी. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून शरीर जायबंदी झाले आणि उपचार म्हणून ते पोहू लागले. पदकाचा विचार त्यात नव्हता. हातापायांत पुन्हा जीव यावा एवढीच अपेक्षा. तेच पेटकर १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकणारे पहिले भारतीय ठरले. शासनाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली.

आणि दूर हवाई बेटांवरचे ड्यूक काहानामोकू! १९१२ आणि १९२० साली शंभर मीटर पोहण्यात त्यांनी ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा आपल्या बेटांचा खेळ त्यांनी जगाला दाखवला. १९२५ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एक नौका उलटली, तेव्हा त्याच फळीवरून पुन्हा पुन्हा लाटांत शिरून त्यांनी एकट्याने आठ माणसे बाहेर काढली. पुढे पाव शतकाहून अधिक काळ ते होनोलुलूचे शेरिफ होते. लाटांवर स्वार होण्याचा तो खेळ आता ऑलिंपिकमध्ये आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरम येथील आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाल या तरुणाने त्यात भारतासाठी कांस्यपदकही मिळवले. पण ड्यूक यांच्या त्या दिवसाचे पदक कोणी दिले नाही. ज्यांचे प्राण वाचले त्यांच्या घरी मात्र तो दिवस विसरला गेला नसेल.

नाताळच्या सुटीत आम्ही फोंडा घाट उतरून मालवणला गेलो. तलावातील पाणी माणसाचे ऐकते. समुद्राचे आपणच ऐकावे लागते. तेथे आखलेली पट्टी नाही, भिंत नाही. लाट ज्या बाजूने येते तिच्या विरुद्ध बाजूला मान वळवून श्वास घ्यायचा, थोड्या थोड्या वेळाने डोके उचलून किनारा पाहायचा. पाणी आत ओढू लागले तर त्याच्याशी झुंजायचे नाही. किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाजूला व्हायचे आणि मग वळायचे. एका वृद्ध मच्छीमाराने हे आमच्या मुलाला चार वाक्यांत सांगितले. त्या दिवशी तो दोन तास पाण्यात होता आणि वेळ किती लागला, हे त्याने एकदाही विचारले नाही.

परतल्यावर आमचे बोलणे नदीकडे वळले. पंचगंगेत सांडपाणी व कारखान्यांचे पाणी मिसळते, उन्हाळ्यात केंदाळ माजते, मेलेले मासे तरंगतात. जेथे आमच्या आधीच्या पिढ्या पोहल्या, तेथे मुलांना सोडायला मन धजत नाही. कित्येक विहिरी कचऱ्याने भरल्या. तलावाची फी सर्वांना परवडत नाही. पण पाणी काही आपल्याला सोडून गेलेले नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पातळी एकोणचाळीस फुटांवर गेली की इशारा, त्रेचाळीसवर धोका, हे येथील लहान मुलालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ साली घराघरांत पाणी शिरले आणि गल्ल्यांतून नावा फिरल्या. दर मे महिन्यात कोठेतरी सुटीला आलेली मुले बुडाल्याची बातमी येते. पाण्याच्या इतक्या जवळ राहायचे आणि पाण्याची ओळख मात्र ठेवायची नाही, ही स्थिती आम्हाला भयावह वाटते.

वाचकहो, मुलाच्या प्रश्नाला आम्ही शब्दांत उत्तर दिले नाही. ते त्याने स्वतःच शोधले. यंदा त्याने एकाही स्पर्धेत नाव दिले नाही, परंतु आठवड्यातून चार पहाटे तो पाण्यात असतो. दहावीची परीक्षा आटोपल्यावर त्याने आमच्या धर्मग्रामातील लहान मुलांना पोहणे शिकवायचे ठरवले. गावाकडची विहीर चुलत्यांनी उपसून दिली. पहिल्या दिवशी सात मुले आली, त्यांत तीन मुली होत्या. आता काठावरून कोणाला ढकलले जात नाही. पाठीला डबा बांधून मुले पायऱ्यांनी उतरतात, आई पायरीवर बसून श्वास सोडायला शिकवते आणि मुलगा पाण्यात उभा असतो. गळ्यात त्याने शर्यतीचे घड्याळ तसेच ठेवले आहे. डबा सोडल्यावर कोणते मूल पाण्याच्या पाठीवर किती वेळ निश्चिंत पडून राहते, ते तो त्यावर मोजतो आणि जुन्याच वहीत लिहून ठेवतो.