डब्यावरचा पामर

गेल्या वर्षी पुतणीला कॉलेजच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. आमचे घराणे पिंजाऱ्याचे. पण आडनाव लावतो हाजी. अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर हाजी, आमच्या बी.एड.च्या प्रमाणपत्रावर हाजी, पुतणीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवरही हाजी. कचेरीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "यात पिंजारी कुठं आहे?" प्रश्न रास्त होता. घरी येऊन आम्ही मरहूम दादीची संदूक उघडली. (घरात 'हम' बोलत वाढलेल्या माणसाचा 'मी' लिहिताना हात अडखळतो, वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

संदुकीच्या तळाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. दादा कॅम्पातल्या बंगल्यांवर गाद्यांचा कापूस पिंजायला जात, तेव्हा कुण्या मेमसाहेबाने तो दिला होता, असे दादी सांगायची. झाकणावरची अक्षरे पुसट झाली होती, तरी वाचता येत होती. हंटले अँड पामर्स, रीडिंग अँड लंडन. 'रीडिंग' म्हणजे वाचन, एवढे आम्हाला ठाऊक. बिस्किटांचा आणि वाचनाचा काय संबंध, ते कळेना. पुढे समजले की ते इंग्लंडातले एक शहर आहे आणि इंग्रज त्याचा उच्चार 'रेडिंग' असा करतात. जोसेफ हंटले याने 1822 मध्ये तिथे बिस्किटांचे दुकान काढले. 1841 मध्ये जॉर्ज पामर त्यात भागीदार झाला आणि दुकानाचा कारखाना झाला. त्यांचे पत्र्याचे डबे साऱ्या दुनियेत गेले. त्यातला एक आमच्या दादीच्या संदुकीत आला.

आता हे 'पामर'. आठवीच्या वर्गात आम्ही हा शब्द फळ्यावर लिहिला. एका मुलाने 'पाल्मर' वाचले. आम्ही सांगितले, 'ल' लिहायचा पण बोलायचा नाही, म्हणायचे पामर. वर्ग खो खो हसला. आमची मुले उर्दू माध्यमाची असली तरी मराठी शिकतात. 'मी पामर' म्हणजे मी दीन, क्षुद्र, हे त्यांना संतांच्या अभंगांतून माहीत. एका मुलीने विचारले, "सर, इतका मोठा कारखानदार स्वतःला पामर का म्हणवून घेतो?"

तिला उत्तर द्यायचे म्हणून आम्ही शोधू लागलो आणि जे सापडले त्याने आम्हीच थक्क झालो. इंग्रजीतला पामर म्हणजे जेरुसलेमची जियारत करून आलेला माणूस. म्हणजे, वाचक हो, त्यांचा हाजीच.

पाम म्हणजे खजुराच्या जातीचे झाड. मूळ लॅटिन शब्द 'पाल्मा', त्याचा अर्थ तळहात. पान उघडलेल्या पंजासारखे दिसते, म्हणून झाडालाही तेच नाव मिळाले. हजरत ईसा जेरुसलेममध्ये आले तेव्हा लोकांनी खजुराच्या फांद्या घेऊन त्यांचे स्वागत केले, असे ख्रिस्ती मानतात. (सूरह मरियममध्येही हजरत मरियमना प्रसूतीच्या वेळी खजुराच्याच झाडाचा आधार आहे.) म्हणून तिकडे जाऊन आलेला यात्रेकरू खजुराचे पान खूण म्हणून आणी. स्पेनमधल्या सान्तियागोला जाऊन आलेला शिंपला लावी, जेरुसलेमचा पान आणी. पान आणणारा तो पामर. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स' लिहिले, त्याच्या आरंभीच या पामरांचा उल्लेख आहे.

त्या काळात इंग्लंडात आडनावे नवीच होती. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी देश जिंकला, त्याआधी बहुतेकांचे एकच नाव असे. नंतर सरदारांनी आपल्या गढ्यांची, जहागिरींची नावे लावायला सुरुवात केली. करवसुलीचे कागद वाढले, वारसाहक्काचे तंटे वाढले, एका गावात दहा जॉन झाले. मग लोहाराचा जॉन स्मिथ झाला, शिंप्याचा टेलर, भटारखान्यातला बेकर. आपल्याकडचे अत्तार, तांबोळी, बागवान, शिकलगार याच वाटेने आले. तेराव्या शतकातल्या दप्तरांत 'ले पामर' असे लिहिलेले सापडते. 'ले' हा फ्रेंच शब्द, अर्थ 'तो', म्हणजे तो पामर, गावात सगळ्यांना माहीत असलेला. पुढे 'ले' गळाला आणि पामर उरला. मुलगा पामर, नातू पामर. नातवाने समुद्रही पाहिला नसेल.

इथे आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. 1187 मध्ये सुलतान सलाहुद्दीन अय्यूबींनी जेरुसलेम घेतले. इंग्लंडचा राजा रिचर्ड फौज घेऊन आला, पण शहर काही त्याच्या हाती लागले नाही. 1192 मध्ये तह झाला, त्यात एक कलम होते: ख्रिस्ती यात्रेकरूंनी निःशस्त्र यावे, जियारत करून सुखरूप परत जावे. त्यानंतरच्या किती पामरांचे पान या कलमामुळे घरी पोहोचले, त्याचा हिशोब कुणाकडे नाही. आधीच्या काहींनी ते तलवारीच्या जोरावर आणले, हेही खरे.

वेल्सच्या सीमेजवळ लडलो नावाचे गाव आहे. तिथल्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये पंधराव्या शतकातली एक रंगीत काचेची खिडकी आहे, तिला पामरांची खिडकी म्हणतात. तिच्यावर चितारलेली कथा अशी. राजा एडवर्ड याच्याकडे एका भिकाऱ्याने खैरात मागितली. राजाजवळ पैसे नव्हते, त्याने बोटातली अंगठी दिली. पुढे लडलोचे दोन पामर पवित्र भूमीत वाट चुकले, तेव्हा त्यांना एक म्हातारा भेटला. तो म्हणजे संत जॉन, तोच भिकारी. त्याने अंगठी त्यांच्याजवळ दिली आणि निरोप सांगितला: राजाला म्हणावे, सहा महिन्यांत तू माझ्याजवळ येशील. एडवर्ड 1066 च्या जानेवारीत वारला. कथा ती कथाच. पण आमच्या दादीकडेही अशा कथा होत्या. दरवाजावर येणारा फकीर कोण असेल सांगता येत नाही, म्हणून ती कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नसे.

याच गावात पामरांचे एक गिल्ड होते, म्हणजे आपल्या जमातीसारखी संघटना. तिचे हजारो सभासद होते आणि त्यातले बहुतेक जेरुसलेमला कधीच गेले नव्हते. नाव यात्रेकरूंचे, माणसे व्यापारी आणि कारागीर. वर्गणीतून ते मृतांसाठी दुआ करवीत, निराधारांना आसरा देत आणि शाळा चालवीत. मास्तर असल्यामुळे शाळेचे वाचून आम्हाला विशेष बरे वाटले. 1551 मध्ये ते गिल्ड संपले.

पामर आमच्या मुलखातही येऊन गेले. जनरल विल्यम पामर हे 1798 ते 1801 पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी कंपनीचे रेसिडेंट होते. त्यांच्या घरच्या बेगम होत्या फैज बख्श. त्यांचा मुलगा, तोही विल्यम पामर, याने हैदराबादेत पेढी काढली, निजामाच्या सरकारला भरमसाट व्याजाने कर्ज दिले आणि शेवटी पेढीसकट बुडाला. जियारतीचे नाव लावून सावकारी करणारे फक्त आपल्यातच असतात असे नाही!

पण आमचा जीव जडला तो दुसऱ्याच पामरवर. एडवर्ड हेन्री पामर, जन्म केंब्रिज, 1840. आईबाप लहानपणीच गेले. लंडनमध्ये कारकुनी करताना फुप्फुसांच्या आजाराने मरणाच्या दारी गेला, वाचला आणि केंब्रिजला परतला. तिथे त्याला हिंदुस्थानी शिकवणारे सय्यद अब्दुल्ला भेटले. त्यांच्यामुळे तो उर्दू, फारसी, अरबीच्या नादी लागला तो कायमचा. लखनौच्या अखबारांत तो उर्दूतून लिहीत असे. पुढे केंब्रिजला अरबीचा प्रोफेसर झाला. 1880 मध्ये त्याचा कुरआन शरीफचा इंग्रजी तर्जुमा निघाला. उर्दूच्या मास्तरला शागिर्द मिळावा तर असा!

आणि हा पामर खरोखर जेरुसलेमला गेला. 1869-70 मध्ये तो एका सोबत्याबरोबर सिनाईच्या वाळवंटातून पायी तिथे पोहोचला. कित्येक शतके नुसतेच मिरवलेले आडनाव एका प्रोफेसराने पायांनी खरे केले. बदू लोक त्याला अब्दुल्ला एफेंदी म्हणत. पण 1882 मध्ये इजिप्तवर चालून जाताना इंग्रज सरकारने याच ओळखीचा सौदा केला. बदूंच्या शेखांना पैसे देऊन फितवायचे आणि सुएझ कालवा सांभाळायचा, या कामावर त्याला त्याच वाळवंटात पाठवले. ऑगस्टमध्ये तो दोन सोबत्यांसह तिथेच मारला गेला. त्याचे अवशेष लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्ये आहेत. अब्दुल्ला म्हणून गेला तेव्हा लोकांनी पाणी पाजले, सरकारचा माणूस म्हणून गेला तेव्हा जीव घेतला. आम्हाला त्याचा राग येत नाही, हळहळ वाटते.

डब्यात काय होते ते सांगायचे राहिलेच. वर दादांच्या जहाजाचे कागद. 1962 मध्ये ते मुंबईहून हजला गेले. कापूस पिंजून पिंजून जमवलेले पैसे होते. परतल्यावर गावाने त्यांना पिंजारी म्हणणे सोडले. ताँत तीच, खोकला तोच, पण हाक 'हाजीचाचा'. दोन वर्षांनी अब्बांना शाळेत घातले तेव्हा गुरुजींनी आडनाव विचारले. बरोबरचा कुणीतरी म्हणाला, "हाजीचाचांचा पोरगा." दादांनी अंगठा टेकवला. खरे सांगायचे तर घरात कुणालाच वाईट वाटले नाही. हाजी म्हटले की नातेवाईक उठून जागा देत, पिंजारी म्हटले की ओसरीवर बसवत. आम्हीही कॉलेजात कुणी विचारले तर 'हाजी' एवढेच सांगत असू, धंद्याचे नाव काढत नसू. पहिला पामर गावी परतण्याआधी काय करत होता, मेंढ्या राखत होता की चामडे कमावत होता, हे आता त्याच्या कोणत्याही वंशजाला सांगता यायचे नाही.

जहाजाच्या कागदांखाली खजुराच्या सात बिया होत्या, मदीनेच्या. दादीने तबर्रुक म्हणून जपलेल्या. आणि त्याखाली एक घडी घातलेला उतारा. बडे अब्बांचा, म्हणजे अब्बांच्या थोरल्या भावाचा, 1957 चा शाळाप्रवेश. दादा तेव्हा हजला गेले नव्हते. नाव, बापाचे नाव आणि आडनावाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत पिंजारी. एका आईची दोन लेकरे, आडनावे दोन.

तो उतारा घेऊन आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. कारकुनाने तो दोनदा वाचला. अर्जात 'ऊर्फ' लिहा म्हणाला.

"आधी कोणतं लिहायचं?" पुतणीने विचारले.

"पिंजारी," आम्ही म्हणालो.